हुरडा पार्टी, शेततळे आणि एक मृत्यू : कृषी पर्यटन केंद्राच्या जबाबदारीचा प्रकरण अभ्यास

सुरुवातीलाच एक स्पष्टीकरण द्यायला हवे. पुढे मांडलेले प्रकरण ही कोणा एका कुटुंबाची किंवा एका केंद्राची बातमी नाही. मराठवाड्यात शेततळ्यात बुडून होणाऱ्या मृत्यूंमध्ये जे तपशील पुन्हा पुन्हा समोर येतात, ते एकत्र करून अभ्यासासाठी ही परिस्थिती रचलेली आहे. तिला लावलेला कायदा आणि उल्लेखिलेले न्यायनिर्णय मात्र प्रत्यक्षातले आहेत.

घटना

जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागेला लागून एक कृषी पर्यटन केंद्र आहे. जानेवारीतल्या एका रविवारी छत्रपती संभाजीनगरहून दोन कुटुंबांतील दहा जण तेथे हुरड्यासाठी आले. वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पर्यवेक्षक असलेला चौतीस वर्षांचा पुरुष, त्याची पत्नी, आई, नऊ आणि पाच वर्षांची दोन मुले हे एक कुटुंब. दुसरे कुटुंब त्याच्या मेहुण्याचे. मोठ्यांना माणशी ६५० रुपये आणि लहानांना ४०० रुपये, अशी एकूण ५,५०० रुपयांची रक्कम मेहुण्याने मोबाइलवरून आगाऊ भरली होती. केंद्राने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या जाहिरातीत सकाळचा नाश्ता, हुरडा, दुपारचे जेवण, बैलगाडीची फेरी, ट्रॅक्टरची फेरी आणि बोटिंग या सर्व गोष्टी त्याच पैशांत असल्याचे लिहिले होते. या प्रकरणाचा बराचसा निकाल त्या जाहिरातीतील ‘बोटिंग’ या शेवटच्या शब्दावर अवलंबून आहे.

बोटिंग होते ते शेततळ्यात. वरच्या काठावर चाळीस मीटर लांब आणि तितकेच रुंद, मध्यभागी पाच मीटर खोल असलेले हे तळे मुळात मोसंबीला ठिबकने पाणी देण्यासाठी खोदलेले होते आणि त्याला तळापासून काठापर्यंत ५०० मायक्रॉनचे काळे प्लास्टिक अंथरलेले होते. पर्यटन सुरू झाल्यावर मालकाने एका बाजूला फळ्यांचा छोटा धक्का बांधला, पायडल मारायची एक बोट आणली आणि निळे ड्रम बांधून तराफा तयार केला. आंबिया बहारासाठी बागेचा ताण (पाणी बंद ठेवण्याचा काळ) नुकताच तोडलेला असल्याने मोटार आठवडाभर चालू होती. त्यामुळे पाणी काठापासून सुमारे दीड मीटर खाली गेले होते आणि उताराचे अडीच मीटरहून अधिक प्लास्टिक उघडे पडले होते. तळ्याला कुंपण नव्हते. बांधावर एका लोखंडी पाटीवर ‘पोहण्यास सक्त मनाई, केंद्र जबाबदार राहणार नाही’ असे लिहिलेले होते.

दुपारी बाराच्या सुमारास नऊ वर्षांच्या मुलाची चप्पल प्लास्टिकवरून घसरत पाण्याच्या कडेला गेली. ती काढण्यासाठी तो उतारावर उतरला आणि बसल्या बसल्या पाण्यात गेला. वडिलांनी अंगात स्वेटर आणि जीन्स असतानाच उडी मारली. त्यांना पोहता येत होते; लहानपणी गावच्या विहिरीत पाठीला रिकामा डबा बांधून ते शिकलेले होते. मुलाला त्यांनी तराफ्याकडे ढकलले, मेहुण्याने तराफ्यावर पालथे पडून त्याला वर ओढले आणि मूल वाचले. वडील पोहत काठाला आले. दोन-तीनदा त्यांनी वर चढण्याचा प्रयत्न केला, प्रत्येक वेळी हात आणि गुडघे शेवाळलेल्या प्लास्टिकवरून निसटले, आणि नंतर ते दिसेनासे झाले. बोट सांभाळणारा एकमेव कामगार त्या वेळी तेथून दीडशे मीटरवर आगटीजवळ कणसे भाजत होता, कारण पाहुणे वाढले तसे मालकाने त्याला हुरड्याच्या कामाला लावले होते. लाइफ जॅकेट सहा होती आणि ती शेडमध्ये कुलूपबंद होती. काठावर दोर नव्हता, शिडी नव्हती, हवा भरलेली ट्यूबसुद्धा नव्हती. शेजारच्या शेतकऱ्याने गळ आणून सुमारे पंचवीस मिनिटांनी त्यांना बाहेर काढले. कोणीतरी पोट दाबून पाणी काढण्याचा प्रयत्न केला. तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे यांचे प्रशिक्षण घेतलेले तेथे कोणीही नव्हते. ग्रामीण रुग्णालयात नेल्यावर डॉक्टरांनी त्यांना मृत घोषित केले.

पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली. तिसऱ्या दिवशी केंद्राच्या मालकाने दोन प्रतिष्ठित मध्यस्थांसह घरी येऊन एक लाख रुपये दिले आणि पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर ‘ही दुर्घटना असून आमची केंद्राविरुद्ध कोणतीही तक्रार नाही’ या मजकुराखाली पत्नीची सही घेतली. आठवड्याच्या आत तळ्याभोवती तारेची जाळी लागली आणि काठावरून गाठी मारलेले दोर सोडले गेले.

प्लास्टिकचा उतार

पट्टीच्या पोहणाऱ्यालाही शेततळे गिळते. हे ज्याने असे तळे जवळून पाहिले नाही त्याला पटत नाही, आणि भरपाईसाठी ग्राहक आयोगापुढे युक्तिवाद करताना नेमकी हीच गोष्ट नीट मांडली जात नाही. विहिरीला पायऱ्या असतात, नसतील तर बांधकामातले दगड पुढे आलेले असतात, मोटारीचा पाइप असतो, कपारीत उगवलेले एखादे उंबराचे रोप असते. विहिरीत शिकलेल्या माणसाच्या हातांना कडेला आल्यावर काहीतरी पकडायला मिळते, ही सवय अंगात मुरलेली असते. मातीच्या पाझर तलावातसुद्धा पाय चिखलात रुततो आणि माणूस रांगत बाहेर येतो. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात कडेला पोहोचणे म्हणजे सुटका नव्हे. पाण्याखालच्या भागावर शेवाळाचा बुळबुळीत थर असतो, वरचा भाग ओल्या कपड्यांमुळे लगेच ओला होतो, पकडायला काहीच नसते, आणि चढण्याच्या प्रत्येक प्रयत्नात ताकद संपत जाते. थंडीच्या दिवसांतले गार पाणी आणि भिजलेली लोकर यांनी हा वेळ आणखी कमी होतो. वाचवायला उतरलेला माणूसही याच कारणाने अडकतो. एकाच तळ्यात पाठोपाठ दोघे-तिघे बुडाल्याच्या बातम्या मराठवाड्यात म्हणूनच वारंवार वाचायला मिळतात.

२०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि त्यानंतर मराठवाड्याच्या दुष्काळी पट्ट्यात शेततळ्यांची संख्या झपाट्याने वाढली. जालना तालुक्यातील कडवंचीसारख्या गावाने तर पाणलोट विकास आणि शेततळ्यांच्या बळावर द्राक्षबागा उभ्या केल्या. त्या पाण्याचे मोल कोणीही नाकारू नये. पण शेतकऱ्याच्या ताब्यातले, त्याच्या घरच्या माणसांना ज्याचा धोका माहीत आहे असे पाणी वेगळे. आणि शहरातून आलेल्या, प्लास्टिकचा उतार पहिल्यांदाच पाहणाऱ्या मुलांपुढे करमणूक म्हणून ठेवलेले पाणी वेगळे. ज्या दिवशी तळ्यावर धक्का बांधला गेला आणि जाहिरातीत बोटिंग लिहिले गेले, त्या दिवसापासून त्या तळ्याबाबतचे मालकाचे कायदेशीर कर्तव्य बदलले. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हाच आहे, आणि केंद्राचा प्रत्येक बचाव शेवटी या मुद्द्यावर येऊन अडतो.

केंद्राची बाजू

केंद्राची पहिली भूमिका अशी की हे जलतरण तलाव नव्हे, शेतीचे तळे आहे. पोहण्यास मनाई होती, आणि मृत व्यक्ती बोटीतून पडलेली नाही, ती स्वतः पाण्यात उतरली. दुसरी भूमिका अशी की आल्यावर प्रत्येक कुटुंबप्रमुखाने नोंदवहीत ‘सर्व उपक्रमांत स्वतःच्या जबाबदारीवर सहभागी होत आहे’ या छापील ओळीखाली सही केली होती. तिसरी अशी की नऊ वर्षांच्या मुलावर लक्ष ठेवणे हे आईवडिलांचे काम होते. चौथी अशी की कुटुंबाने पैसे स्वीकारून तक्रार नसल्याचे लिहून दिले आहे. शिवाय शेतजमीन आणि तळे मालकाच्या वडिलांच्या नावावर, तर पर्यटनाचा व्यवसाय मुलाच्या आणि त्याच्या भागीदाराच्या नावावर, त्यामुळे नेमके कोणाला जबाबदार धरायचे हा प्रश्नही पुढे केला गेला.

पहिल्या भूमिकेला उत्तर देताना सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ मधील एक निर्णय फार उपयोगी पडतो. केरळ पर्यटन विकास महामंडळाच्या कोवळम येथील हॉटेलात २००६ साली एका पाहुण्याचा जलतरण तलावात बुडून मृत्यू झाला होता. तेथे जीवरक्षक नेमलेला होता, पण त्याच्याकडेच मद्य देण्याचे जादा कामही सोपवलेले होते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ही सेवेतील त्रुटी ठरवून साडेबासष्ट लाख रुपयांची भरपाई मंजूर केली आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निष्कर्ष कायम ठेवला. पाहुण्यांच्या वापरासाठी पाणी उपलब्ध करून देणाऱ्याने त्याच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, आणि जीवरक्षकाला दुसऱ्या कामाला लावणे ही त्या कर्तव्यातली कसूर होय, हे त्यातून स्पष्ट झाले. कोवळमच्या हॉटेलातील जीवरक्षक आणि जालन्यातल्या आगटीजवळ बसवलेला बोटवाला यांच्यात कायद्याच्या दृष्टीने मला फरक दिसत नाही. उलट येथे स्थिती अधिक वाईट आहे, कारण बोटवाल्याला पोहता येत असले तरी बुडणाऱ्याला वाचवण्याचे प्रशिक्षण त्याला कधीच मिळालेले नव्हते.

मनाईच्या पाटीबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण बहुतेक केंद्रचालकांचा सगळा विश्वास या पाटीवर असतो. पाटी धोका सांगते, तो दूर करत नाही. ‘पोहण्यास मनाई’ ही सूचना पोहायला निघालेल्या माणसासाठी आहे. काठावरून घसरणाऱ्या मुलाला ती थांबवू शकत नाही आणि त्या मुलामागे उडी मारणाऱ्या बापाला तर नाहीच नाही. ज्या तळ्यावर पाहुण्यांना चालत जाऊन बोटीत बसायचे आहे, त्या तळ्याच्या काठावर पाहुणे येणार, त्यांच्यासोबत मुले येणार, हे चालकाला ठाऊक होते. किंबहुना त्यासाठीच पैसे घेतलेले होते. मग घसरणे हा अपेक्षित धोका ठरतो, आणि अपेक्षित धोक्याविरुद्ध कुंपण, धक्क्यापाशी फाटक, चारही बाजूंना गाठींचे दोर, दोर बांधलेली ट्यूब आणि हजर असलेला एक प्रशिक्षित माणूस या साध्या गोष्टी अपेक्षित असतात. घटनेनंतर आठवड्याच्या आत जाळी आणि दोर लागले, यावरून ते काम किती सोपे आणि चालकाच्या आवाक्यातले होते हेही दिसते. नंतर केलेली सुधारणा म्हणजे आधीच्या चुकीची कबुली, असे सरसकट म्हणता येणार नाही. पण ‘असे काही करणे शक्यच नव्हते’ हा बचाव त्यानंतर टिकत नाही.

नोंदवहीतील सही

स्वतःच्या जबाबदारीवर सहभागी होत असल्याची सही घेण्याची पद्धत आता हुरडा पार्टीपासून ट्रेकिंगपर्यंत सगळीकडे रूढ झाली आहे. या सहीला काहीच किंमत नाही, असे नाही. पाहुण्याला धोक्याची खरी माहिती दिली, साधने दिली, तरीही त्याने ती नाकारली, तर त्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून ती वापरता येते. परंतु सेवा देणाऱ्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणावर पांघरूण घालण्याचे काम अशी सही करू शकत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या ताज महाल हॉटेलच्या प्रकरणात पार्किंगसाठी सोपवलेल्या गाडीच्या चोरीबाबत हेच तत्त्व लावले: ‘मालकाच्या जोखमीवर’ असे छापलेले असले तरी हॉटेलचा निष्काळजीपणा सिद्ध होत असेल तर ते जबाबदारीतून सुटत नाही. गाडीच्या बाबतीत जे खरे, ते माणसाच्या जिवाच्या बाबतीत खरे नाही असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? शिवाय येथे सही कुटुंबप्रमुख म्हणून मेहुण्याने केली होती. दुसऱ्या प्रौढ माणसाचा आणि त्याच्या मुलांचा हक्क तो सोडून देऊ शकत नव्हता.

मुद्रांकावरच्या कागदाचे स्वरूप आणखी नाजूक आहे. दुःखात बुडालेल्या घरात तिसऱ्या दिवशी, सुतकात, गावातल्या मोठ्या माणसांच्या समोर, ‘देणारा भला माणूस आहे, कशाला वाढवता’ असे म्हणत घेतलेली सही किती स्वेच्छेची होती, हे आयोग तपासू शकतो. भारतीय करार अधिनियमानुसार दबावाखाली किंवा गैरवाजवी प्रभावाखाली दिलेली संमती रद्द करण्याजोगी असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सही फक्त पत्नीची आहे. अल्पवयीन मुलांचा आणि मृताच्या आईचा स्वतंत्र हक्क तिच्या सहीने संपत नाही. घेतलेले एक लाख रुपये अंतिम भरपाईतून वजा होतील, आणि ते योग्यच आहे. मराठवाड्यातील गावगाड्यात हा कागद बहुतेक प्रकरणांचा शेवट ठरतो. कुटुंबाला तो न्यायालयाच्या निकालासारखा वाटतो आणि पुढे वकिलाकडे जाण्याचा विचारही होत नाही. म्हणून हा मुद्दा येथे विस्ताराने मांडला.

बापाची उडी आणि पालकांचे लक्ष

मृत व्यक्तीने स्वतःहून उडी मारली, हा मुद्दा ऐकायला वजनदार वाटतो. पण ज्याच्या निष्काळजीपणामुळे एखादे मूल संकटात सापडते, त्याला हेही अपेक्षितच असले पाहिजे की कोणीतरी त्या मुलाला वाचवायला धावेल. वाचवणाऱ्याने विचारपूर्वक धोका पत्करला म्हणून त्याच्या वारसांची भरपाई नाकारणे किंवा कापणे न्यायाला धरून होणार नाही. पोहता येणाऱ्या बापाने उडी मारली, मुलाला सुरक्षित केले, आणि बाहेर येण्याचा मार्गच नसल्याने तो बुडाला. मृत्यूचे थेट कारण उडी नाही, काठावर दोर नसणे हे आहे. युक्तिवाद असाच मांडला पाहिजे.

पालकांच्या लक्षाबद्दल मात्र प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. नऊ वर्षांच्या मुलावर पाण्याजवळ लक्ष ठेवणे हे घरच्यांचे कर्तव्य आहेच, आणि आयोगाने काही प्रमाणात सहदोष धरला तर त्याला सर्वस्वी चुकीचे म्हणता येणार नाही. तरीही कुंपण असते ते याच क्षणासाठी. मूल नजरेआड होणार नाही असे गृहीत धरून कोणी विहिरीचा कठडा काढून टाकत नाही. मुलांसाठी तिकीट आकारणाऱ्या केंद्राने मुलांचे वागणे लक्षात घेऊन जागा तयार केली पाहिजे.

संस्थेच्या ताब्यातील मुलांबाबत याहून कठोर मापदंड लावला गेला आहे. १९९५ साली पठाणकोटजवळच्या डलहौजी पब्लिक स्कूलच्या सहलीत बियास नदीत चौदा विद्यार्थी बुडाले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेची जबाबदारी मान्य करून प्रत्येक मुलामागे पाच लाखांची भरपाई कायम केली. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका दगावल्या. अनेक मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. मराठवाड्यात आता शाळांच्या सहलीही हुरडा केंद्रांवर आणि कृषी पर्यटन केंद्रांवर जातात. त्या वेळी शाळा आणि केंद्र अशा दोन संस्थांची जबाबदारी एकाच वेळी सुरू होते, आणि एकाने दुसऱ्यावर विसंबून राहणे हाच सर्वांत मोठा धोका असतो.

परवान्याचा प्रश्न

राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आणि साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले. दोन्हींत पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची व्यवस्था आहे. आपले केंद्र कृषी पर्यटन म्हणून नोंदलेले आहे, त्यामुळे सर्व काही नियमानुसार होते, असे केंद्र म्हणेल. नोंदणी ही केंद्र चालवण्याची ओळख आहे. तळ्याच्या काठाला दोर होता की नाही याचे ते प्रमाणपत्र नाही. उलट बाजूने, पायडल बोट ही साहसी क्रीडा ठरते की नाही यावर वाद घालत बसण्याचीही गरज नाही, कारण काळजीचे कर्तव्य पैसे घेऊन पाहुण्याला पाण्यापाशी नेण्यातून निर्माण होते.

तक्रार कोणी, कुठे आणि किती रकमेची करायची

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आहे. पैसे मेहुण्याने भरले असले तरी पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणारा हाही ग्राहकच असतो, आणि ग्राहकाचा मृत्यू झाल्यास त्याचे कायदेशीर वारस तक्रार करू शकतात. त्यामुळे पत्नी, दोन्ही मुले आणि आई हे चौघे तक्रारदार होतात. तक्रार केंद्र जेथे आहे त्या जालन्यात करण्याचे बंधन नाही; तक्रारदार जेथे राहतात तेथील, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हा आयोगातही ती दाखल करता येते. नव्या कायद्यातील ही सोय वृद्ध आई आणि दोन लेकरांना घेऊन धावपळ करणाऱ्या स्त्रीसाठी फार मोलाची आहे.

रकमेबाबत एक गोष्ट अनेक वकिलांनाही गोंधळात टाकते. कोणत्या स्तरावरचा आयोग, हे मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावरून ठरते. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास लाखांपर्यंतचा मोबदला असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते. येथे मोबदला ५,५०० रुपये आहे. म्हणून भरपाई साठ लाखांची मागितली तरी जिल्हा आयोगच योग्य, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी तक्रार शुल्कही नाही. मोबदल्याची ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध ठरवली आहे.

भरपाई मोजताना ग्राहक आयोग मोटार अपघातांच्या दाव्यांतील गुणक पद्धतीचा, म्हणजे वार्षिक नुकसानीला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणण्याच्या पद्धतीचा, आधार घेऊ शकतात. मृताचा पगार दरमहा ३०,००० रुपये धरला, तर वर्षाचे ३,६०,००० होतात. वय चाळिशीच्या आत आणि नोकरी खाजगी, कायमस्वरूपी नसलेली मानली, तर भविष्यातील वाढीसाठी चाळीस टक्के मिळवून ५,०४,०००. अवलंबून असणारे चार असल्याने स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा केला की ३,७८,००० उरतात. एकतीस ते पस्तीस या वयोगटासाठी गुणक सोळा आहे. गुणाकार ६०,४८,००० रुपये येतो. सहवास गमावल्याची आणि अंत्यविधीची ठराविक रक्कम यात वेगळी मिळवायची. आयोग हा आकडा जसाच्या तसा स्वीकारेल असे नाही, पण एक लाखाचा मुद्रांक आणि साठ लाखांचे हे गणित शेजारी शेजारी ठेवले की त्या तिसऱ्या दिवशी कुटुंबाने काय सोडून दिले असते, ते कळते.

मृताच्या किंवा त्याच्या आईवडिलांच्या नावावर शेती असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून मिळू शकणारी दोन लाखांची मदत हा वेगळा मार्ग आहे. तिचा केंद्राच्या जबाबदारीशी संबंध नाही आणि तिचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तातडीने करावा लागतो. केंद्राने सार्वजनिक दायित्वाचा विमा घेतला असेल, तर विमा कंपनीलाही पक्षकार करावे, मात्र पॉलिसीत जलक्रीडा वगळलेली आहे का हे आधी पाहावे. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम येथे लागू होतो असे काही जण समजतात, पण तो घातक पदार्थांमुळे होणाऱ्या अपघातांसाठी आहे.

जमीन वडिलांची आणि धंदा मुलाचा, या बचावाचे उत्तर एका ओळीचे आहे: सेवा देणारे मुलगा आणि भागीदार हे मुख्य प्रतिवादी, आणि आपल्या जागेत पाहुण्यांना येऊ देणारा, त्यातून उत्पन्न घेणारा जमीनमालक त्यांच्यासोबत. तिघांनाही पक्षकार करावे आणि आपसातली वाटणी त्यांनी करावी.

पुरावा

अशा प्रकरणांत कुटुंब हरते ते कायद्यामुळे क्वचितच. बहुतेकदा पुरावा निसटल्यामुळे हरते. तळे बदलून टाकायला एक आठवडा पुरतो, हे येथे दिसलेच. मेहुण्याच्या मोबाइलमध्ये त्या सकाळी काढलेली छायाचित्रे होती: धक्क्यावर उभी असलेली मुले, मागे उघडा उतार, कुठेही कुंपण नाही. तीच या प्रकरणाचा कणा ठरतात. जाहिरातीचा संदेश, पैसे भरल्याची नोंद, केंद्राने समाजमाध्यमांवर टाकलेल्या, लाइफ जॅकेटविना तराफ्यावर बसलेल्या पाहुण्यांच्या चित्रफिती, हे सगळे त्याच दिवशी जतन करायला हवे. आयोगाची कार्यपद्धती सुटसुटीत असली तरी इलेक्ट्रॉनिक नोंदींसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसारचे प्रमाणपत्र जोडलेले असणे हिताचे. केंद्रातील सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. ते जतन करण्याची लेखी मागणी पोलिसांकडे पहिल्या एक-दोन दिवसांतच द्यावी.

पंचनामा होताना कुटुंबातील कोणीतरी भानावर असलेली व्यक्ती तेथे असावी. ‘पाण्यात बुडून मृत्यू’ एवढे लिहून पंचनामा संपतो, तेव्हा सगळे महत्त्वाचे निसटलेले असते. पाण्याची त्या दिवसाची खोली, काठापासून पाण्यापर्यंतचे उघडे प्लास्टिक, दोर किंवा शिडी यांचा अभाव, जॅकेट कुठे आणि कोणत्या स्थितीत होती, बोटवाला कुठे होता, हे त्यात लिहून घ्यावे. त्या कामगाराचा जबाब सर्वांत मोलाचा असतो, आणि सर्वांत लवकर बदलतोही तोच, कारण त्याचे पोट त्याच मालकावर असते. शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत मागून घ्यावी. मद्यपानाचा आरोप पुढे येण्याची शक्यता असते, आणि व्हिसेराचा, म्हणजे राखून ठेवलेल्या अवयवांच्या रासायनिक तपासणीचा, अहवाल त्याला उत्तर देतो.

फौजदारी कारवाई

१ जुलै २०२४ पासून निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(१) लागू आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंतची आहे; पूर्वी ती दोन वर्षांची होती. आकस्मिक मृत्यूच्या चौकशीतून निष्काळजीपणा दिसला तर पोलिसांनी गुन्हा नोंदवला पाहिजे. मात्र फौजदारी न्यायालयात निष्काळजीपणा अधिक गंभीर स्वरूपाचा असावा लागतो आणि निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, तर ग्राहक आयोगात शक्यतेचे पारडे कोणीकडे झुकते एवढे पाहिले जाते. म्हणून फौजदारी खटल्यात मालक सुटला तरी भरपाईचा दावा त्यामुळे आपोआप फेटाळला जात नाही.

मुदती

नोटीस मिळाल्यावर केंद्राला उत्तर देण्यासाठी तीस दिवस आणि आयोगाने दिली तर आणखी पंधरा दिवस मिळतात. पंचेचाळीस दिवसांपुढे ही मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवले आहे. जिल्हा आयोगाचा निकाल विरुद्ध गेला तर केंद्राला पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते, पण त्यासाठी मंजूर रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. राज्य आयोगाचे परिक्रमा खंडपीठ छत्रपती संभाजीनगरलाच असल्याने कुटुंबाला त्यासाठी मुंबईला जावे लागत नाही. तक्रार दाखल करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. पोलिस तपास चालू आहे, खटला उभा राहायचा आहे, मध्यस्थांची बोलणी सुरू आहेत, या कारणांनी ती थांबत नाही. दिवंगताचे वर्षश्राद्ध होईपर्यंत काही करायचे नाही असे ठरवणाऱ्या घरांत त्यातला अर्धा काळ निघून गेलेला असतो. उशीर झालाच तर विलंब माफ करण्यासाठी सबळ कारणांसह वेगळा अर्ज द्यावा लागतो, आणि तो मंजूर होईलच याची हमी नसते.